सहलीतला मोकळा दिवस आणि थीम पार्क



दिवाळीनंतर आपल्या खामगावातली चार घरं टूर कंपनीबरोबर सिंगापूरला निघाली आहेत. परवा मंडळात त्यांच्या सहलीचा कागद हातोहात फिरला आणि चौथ्या दिवसाशी येऊन अडला. त्या दिवसापुढे दोनच शब्द छापलेत, ‘मोकळा दिवस’. म्हणजे बस नाही, गाइड नाही, दुपारचं जेवण नाही. मुलांना सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज थीम पार्कला जायचंय. पुरुषमंडळी ‘बघू’ म्हणतायत. बायकांचं मात्र कुणी न विचारताच ठरून गेलंय: तुम्ही जा, आम्ही हॉटेलवर थांबतो, नाहीतर मुस्तफात चक्कर मारून येतो. का, तर आपल्या खाण्याचं जमत नाही, सूर्यास्ताचं जमत नाही, आणि या वयात शोभतं का ते?

मी दोन वर्षांपूर्वी असाच मोकळा दिवस त्या पार्कात घालवून आलेय, म्हणून मला विचारलं. माझं मत सरळ आहे. जा. मुलांबरोबर ‘सोबत म्हणून’ नको, आपलं तिकीट काढून आपल्यासाठी जा. आणि नियमाचं कारण पुढे करू नका, कारण त्या दिवसाचे जेवढे पर्याय तुमच्यासमोर आहेत त्यात आपल्या नियमांना सर्वांत कमी धक्का लावणारा पर्याय हाच आहे. कसा ते सांगते.

आधी सूर्यास्ताचं. सिंगापूर विषुववृत्ताला इतकं चिकटून आहे की तिथे दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखी. शिवाय त्यांनी १९८२ पासून घड्याळ थोडं पुढे लावून घेतलंय, त्यामुळे सूर्य सकाळी सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. फेब्रुवारीत सात वाजून वीस मिनिटांपर्यंत उजेड, नोव्हेंबरात पावणेसातला मावळलं, एवढाच काय तो फरक. तुम्ही जाताय ते नेमके नोव्हेंबरचे दिवस, म्हणजे वर्षातला सर्वांत लवकरचा सूर्यास्त. ज्या दोन घडी आधी जेवण आटोपतात त्यांनी सहाच्या ठोक्याला हात धुवायचे. त्याच महिन्यात जपानला निघाला असतात तर टोकियोत साडेचारलाच सूर्य बुडाला असता. पॅरिसला जूनमध्ये तो रात्री दहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे आपल्यासारख्यांना घड्याळाच्या हिशेबाने सिंगापूरसारखं सोयीचं ठिकाण शोधून सापडायचं नाही.

आता गंमत बघा. त्याच कागदावर दुसऱ्या दिवशी ‘नाइट सफारी’ आहे. ती सहलीच्या पैशातच धरलेली, म्हणून कुणाच्या तोंडून अवाक्षर नाही. १९९४ साली सुरू झालेलं ते रात्रीचं प्राणिसंग्रहालय. सव्वासातला दरवाजे उघडतात, म्हणजे आपली जेवायची वेळ टळून गेल्यावर. आणि बघायचं काय, तर आपल्या करमणुकीसाठी ठेवलेले जीव. थीम पार्कातले डायनासोर यंत्राचे आहेत. त्यांना भूक लागत नाही, त्यांची पिल्लं त्यांच्यापासून वेगळी करावी लागत नाहीत. सेंटोसावर पार्काच्या शेजारीच एक मोठं मत्स्यालयसुद्धा आहे आणि दोन्हींचं जोडतिकीट घ्या म्हणून पुष्कळ जण सांगतील. मी घेतलं नाही. नातीला सांगितलं, मासे तुझ्याकडे बघायला येत नाहीत, तूही त्यांच्याकडे जाऊ नकोस. तिला पटलं की नाही कोण जाणे, पण ती आली माझ्याबरोबर.

राहिली मुस्तफा. लिटल इंडियातलं ते अवाढव्य दुकान मलाही आवडतं. पण मैत्रिणींनो, परिग्रहाचा विचार करायचाच तर तो तिथे करा. मागच्या वेळी आमच्या गटातल्या एका बाईंनी परतीच्या आदल्या रात्री नवी बॅग विकत घेतली, जुन्यांत मावेना म्हणून. परफ्यूम, चॉकलेटं, नऊ हातघड्याळं. राइड घरी आणता येत नाही. बसलो, ओरडलो, उतरलो, संपलं. कपाटात जागा लागत नाही की पुसायला बाई लागत नाही.

आमच्या शिबिरातल्या एका ताईंनी मात्र मला वेगळ्या ठिकाणी पकडलं, आणि त्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. त्या म्हणाल्या, हे सगळं अनर्थदंडात मोडतं. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आचार्य समंतभद्रांनी प्रमादचर्या सांगितली आहे: कारण नसताना पाणी सांडणं, कारण नसताना स्वतः भटकणं आणि दुसऱ्याला भटकवणं. बरोबर आहे. पण मग ते मुंबईचं विमान पकडायला विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढलं तेव्हाच लागू झालं. सबंध सहलच विनाकारण भटकणं आहे. सात दिवसांतले सहा दिवस चालतात आणि एक दिवस अनर्थदंड, असं कसं? गृहस्थाला त्याच ग्रंथात भोगोपभोगपरिमाण सांगितलंय. परिमाण म्हणजे माप. मी माप ठरवून गेले होते: एक दिवस, एक पार्क, प्राण्यांचं काही नाही, जेवण उजेडात. ज्यांनी याहून कडक माप घेतलंय त्यांना माझा नमस्कार, त्यांनी जाऊ नये. पण माप न घेता नुसतं ‘आपल्यात चालत नाही’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. शेगावच्या आनंदसागरात आपण मुलाबाळांना घेऊन किती वेळा गेलोय? त्या छोट्या रेल्वेत मुलांच्या मांडीला मांडी लावून आपणही बसलोच की. तेव्हा कुणी ग्रंथ काढला नव्हता.

खरं कारण वेगळं आहे असं मला वाटतं. घरातली बाई पार्कात गेली तरी ती राइडमध्ये नसते, ती बाकावर असते. मांडीवर चार पर्स, दोन गॉगल, पाण्याच्या बाटल्या, कुणाचं तरी निजलेलं बाळ. मी त्या दिवशी पार्कात असे कितीतरी बाक पाहिले. मराठी, गुजराती, मारवाडी, सगळ्या आपल्यासारख्याच साठीच्या. पूर्ण तिकीट काढून आत आलेल्या आणि दिवसभर सामानाची राखण करणाऱ्या. बी.कॉम. झालेल्या बाईला हा हिशेब बघवत नाही. अहो, मोठ्या राइडजवळ सामानासाठी लॉकर असतात! लहान मूल असेल तर आई-बापांपैकी एकाने आधी आणि दुसऱ्याने नंतर, पुन्हा रांग न लावता बसायची सोयसुद्धा असते. दारावरच्या माणसाला विचारायचं फक्त. आमच्याकडे सूनबाईंनी विचारलं. मग दुपारी दोन तास आमचे ‘हे’ नातवाला घेऊन सावलीत बसले आणि मी, सून आणि नात तिघी मोकळ्या झालो. ह्यांना काही त्रास झाला नाही. उलट तिथल्या बाकावर त्यांना जळगावचे एक गृहस्थ भेटले आणि कापसाच्या भावावर छान गप्पा झाल्या.

आता दिवस कसा बसवायचा ते. पार्क साधारण पन्नास एकरांत आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी बागायतदाराचं शेत. ते २०१० मध्ये सुरू झालं. बहुतेक दिवशी सकाळी दहाला उघडतं, पण त्या तारखेची वेळ त्यांच्या साइटवर बघून घ्या आणि तिकीटही त्या तारखेचं आधीच काढा. तुमचं हॉटेल लिटल इंडियाजवळ आहे. तिथून मेट्रोची जांभळी लाइन गाडी न बदलता हार्बरफ्रंटला नेते. वर व्हिवोसिटी नावाचा मॉल, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस, आणि पहिल्याच थांब्यावर उतरायचं. टूर मॅनेजर गाडी करून देतो म्हणाला तर त्याचा दर आणि हा खर्च शेजारीशेजारी लिहून बघा, मग ठरवा.

दार उघडायच्या आधी पोचा. आत गेल्यावर पहिल्याच फोटोच्या जागी अर्धा तास घालवू नका. ज्या राइडला लांब रांग लागते ती सकाळीच उरकायची. दुपारी पावसाची सर येते, नोव्हेंबरात तर हमखास, आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. म्हणून छपराखालच्या गोष्टी दुपारसाठी ठेवा. सेसमी स्ट्रीटची हळू चालणारी गाडी आहे, ती कुठल्याही गुडघ्याला झेपते. सिनेमात वादळ कसं दाखवतात ते उभ्या उभ्या बघायचं एक दालन आहे, मला ते सगळ्यांत आवडलं. वॉटरवर्ल्डचा खेळ बसून बघायचा, फक्त पुढच्या रांगांवर पाणी उडतं. ट्रान्सफॉर्मर्समध्ये खुर्ची गदागदा हलते. मान किंवा कंबर दुखत असेल तर नको. ममीची गाडी अंधारातून पळते आणि गॅलॅक्टिका नावाचे दोन उंच रोलर कोस्टर आहेत. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी त्यांच्याकडे खालून बघावं. प्रत्येक राइडच्या दाराशी पाटी असते, ती वाचायची. मी ममीत बसले. डोळे घट्ट मिटून णमोकार मंत्र म्हणत बसले, आणि बाहेर आल्यावर नात म्हणाली, आजी, तू तर काहीच बघितलं नाहीस! बघितलं नाही, पण बसले.

साडी नको. पंजाबी ड्रेस आणि ओढणीला गाठ, किंवा ओढणीच नको. मंगळसूत्र आत. पायात पट्ट्याची चप्पल.

खाण्याचं म्हणाल तर पार्कातल्या हॉटेलांवर मी भिस्त ठेवली नव्हती. शाकाहारी मिळतं, पण त्यात कांदा, लसूण, बटाटा नाही याची खात्री कोण देणार? हॉटेलवरच्या नाश्त्याला पोटभर फळं, दूध, ब्रेडऐवजी आपले खाकरे. दुपारसाठी मुरमुऱ्याचा चिवडा, कोरडी शेंगदाण्याची चटणी, दुधातल्या दशम्या, आलं न घातलेले मेथीचे ठेपले. आत खायला काय नेऊ देतात त्याचा नियम आधी वाचा, आणि धार्मिक कारणाने वेगळं खावं लागतं हे दारावर शांतपणे सांगा. आपलं ऐकलं जातं, भांडण्याची गरज पडत नाही. पिठाची मर्यादा पाळणाऱ्यांना मात्र घरून नेलेल्या दशम्या चौथ्या दिवशी जड जातील. हिवाळ्यात सात दिवस धरता येतात, पण तिथली हवा आपल्या पावसाळ्यासारखी, तेव्हा तीनच धरणाऱ्याही असतील. त्यांनी सुकामेवा, लाह्या आणि फळांवर दिवस काढायची तयारी ठेवावी. गाळणं पिशवीत असू द्या.

साडेचारला पार्कातून निघायचं. इथेच सगळे अडतात: अजून अडीच-तीन तास आहेत, एवढं तिकीट काढलंय, पैसे वसूल व्हायला नकोत का? आम्हाला कॉलेजात बुडीत खर्च शिकवला होता. तिकिटाचे पैसे सकाळी दारातच गेले. आता ते सातपर्यंत थांबून परत येणार नाहीत आणि साडेचारला निघून जास्त जाणार नाहीत. उरलेल्या तासांत काय हवंय एवढंच बघायचं, आणि मला सहाच्या आत ताट हवं होतं. साडेपाचला लिटल इंडियात पोचलो. तिथे सेरंगून रोडला कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं शुद्ध शाकाहारी हॉटेल. सांबारात कांदा असतो, म्हणून मी साधा डोसा, भात आणि दही एवढंच घेतलं. मुलांना थांबायचंच असेल तर थांबू द्या. मुलगा आणि नात थांबले आणि नंतर आपापले मेट्रोने आले. मोकळा दिवस सगळ्यांनी एकाच दोरीला बांधून घालवायचा असतो असं कुठे लिहिलंय?

दोघींनी विचारलं, त्या दिवशी देवदर्शनाला जाऊ की पार्कला? जालान यासिनवर सिंगापूरच्या जैन समाजाचं स्थान आहे. सकाळी लवकर टॅक्सीने जाऊन या, उघडण्याची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा. मग पार्कला अकरापर्यंत पोचाल. एखादी राइड कमी होईल. देव आणि रोलर कोस्टर एकमेकांसमोर उभे करायची गरज नाही, टॅक्सी मिळते तिथे.

तारखांचं मात्र आजच बघा. भाऊबीजेनंतर निघालात तर कार्तिक शुद्ध अष्टमीला अष्टाह्निका लागते, आणि तुमची सहल सात दिवसांची आहे. पंचांग उघडून मोजा, आणि परतीचा दिवस पर्वात येत असेल तर कंपनीला या आठवड्यातच फोन करा. नंतर ते तारीख बदलून देत नाहीत.