समुद्राचा नकाशा नेमका कोणासाठी?

मंडळी, बंदरांवर आपल्याकडे तावातावाने वाद होतात. वाढवण हवं की नको, कोणाची जमीन गेली, कोणाला कंत्राट मिळालं. पण पाण्याखाली काय आहे याचा नकाशा कोण काढतं आणि तो कोणाच्या हातात पडतो, हे कोणी विचारत नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

हे काम राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचं. ते आहे देहरादूनला, समुद्रापासून हजाराहून जास्त किलोमीटरवर! नौदलाचं खातं, आणि प्रमुख नौदलाचा व्हाइस ॲडमिरल, पदनाम भारत सरकारचे मुख्य जलसर्वेक्षक. किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे?

या कामाचा मोठा इतिहास मुंबईचा आहे. कंपनी सरकारच्या काळात बॉम्बे मरीनचे अधिकारी इथूनच सर्वेक्षणाला निघायचे. 1829 ते 1834 या काळात त्यांनी तांबडा समुद्र मोजला आणि सुएझकडे जाणाऱ्या आगबोटींचा मार्ग मोकळा झाला. दोरीला शिशाचं वजन बांधायचं, पाण्यात सोडायचं, खोली लिहायची. महिनोन्‌महिने हेच. पुढे 1863 मध्ये इंग्रजांनी ते नौदलच मोडीत काढलं आणि सर्वेक्षण बोंबललं. समुद्र काही थांबत नाही. गाळ सरकतो, वाळूचे दांडे जागा बदलतात, जुना नकाशा खोटा ठरतो. अखेर 1874 मध्ये कलकत्त्यात नवं सागरी सर्वेक्षण खातं काढावं लागलं. त्याचा पहिला प्रमुख डंडास टेलर. आपला पश्चिम किनारा मोजलेला माणूस!

स्वातंत्र्यानंतर 1954 मध्ये कार्यालय देहरादूनला गेलं. 90 च्या दशकात नावात 'राष्ट्रीय' आलं. या खात्याची माणसं नालायक आहेत, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट आहे. इथले रिअर ॲडमिरल फ्रेझर 80 च्या दशकात मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेत अध्यक्षपदी होते. मॉरिशस, सेशेल्ससारखे देश आपल्याकडून समुद्र मोजून घेतात. 2004 च्या त्सुनामीत निरुपक हे सर्वेक्षण जहाज रुग्णालय होऊन इंडोनेशियाला गेलं. 2024 च्या फेब्रुवारीत नवं संधायक नौदलात आलं. सर्वेक्षक घडवणारी संस्था तर शेजारी गोव्यात आहे. कौतुक आहेच.

पण प्रश्न कौतुकाने सुटत नाही.

मुंबईत शिरणाऱ्या परदेशी तेलवाहू जहाजाच्या पडद्यावर आपल्या समुद्राचा अधिकृत नकाशा असतो. असलाच पाहिजे, आंतरराष्ट्रीय नियम आहे. खडक कुठे, ओहोटीला पाणी किती, सगळं त्यात. आता हर्णै, मिरकरवाडा किंवा साखरी नाट्याच्या धक्क्यावर जा आणि विचारा, तो नकाशा किती तांडेलांच्या होडीवर आहे? अधिकृत डिजिटल नकाशा विकत घ्यावा लागतो, तोही कुलूपबंद, परवान्याची किल्ली वेगळी. खुणा आणि संक्षेप इंग्रजीत. ज्याच्या करातून जहाज बांधलं, त्याने आजोबांनी दाखवलेल्या खुणांवर होडी हाकायची?

लगेच कोणीतरी म्हणेल, देशाच्या सुरक्षेचं काय? अहो, जो नकाशा कोणत्याही देशाचं जहाज पैसे टाकून घेतं, तो गुप्त कसा? पाणबुड्यांचे मार्ग, नौदलाची मोजमापं खुशाल तिजोरीत ठेवा. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण जे बाजारात विकायला आहे, ते आपल्याच कोळ्याला फुकट देताना सुरक्षा आडवी येते, हे पटत नाही. अमेरिकेत हे काम 1807 पासून मुलकी खात्याच्या परंपरेत वाढलं, आणि आज तिथले डिजिटल नकाशे कोणीही फुकट उतरवून घेतो. त्यांना सुरक्षा कळत नाही काय?

24 ऑक्टोबर 2018 आठवा. शिवस्मारकाच्या कामाला निघालेली स्पीडबोट मुंबईच्या समोरच खडकावर आदळून बुडाली. एका तरुणाचा जीव गेला. चूक कोणाची, हा चौकशीचा विषय. पण मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावरचा खडक जीव घेतो, तिथे राजापूरच्या खाडीच्या तोंडाशी काय होत असेल?

मागण्या तीनच आहेत. एक, किनाऱ्याजवळचे विक्रीतले नकाशे मोबाइलवर फुकट आणि मराठीत द्या. दोन, खाडीच्या तोंडाशी ताजी खोली किती, ते मेरीटाइम बोर्डाने प्रत्येक धक्क्यावर फळा लावून लिहावं, आणि दर पावसाळ्यानंतर नव्याने लिहावं. तीन, कुठे आधी मोजायचं हे ठरवताना मच्छीमार सोसायट्यांना टेबलावर बसवा. खात्याचं नेतृत्व गणवेशात असू दे, पण त्याने धक्क्यालाही उत्तर द्यावं.

किनारपट्टीचे खासदार-आमदार मतं मागायला धक्क्यावर येतातच. यंदा आले की एवढंच विचारा: साहेब, आमच्या समुद्राचा नकाशा आमच्याकडे कधी?

पटलं तर आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.