कागद लिहून द्या, मगच बस पकडा

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगर, नेताजी नगर, किदवई नगर, या बाजूच्या सगळ्या मराठी घरांना ही कळकळीची विनंती. उद्यावर न टाकता आजच वाचा. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्यात. पुण्या-नाशकाहून, मुंबई-नागपूरहून भाचे-पुतणे आणि त्यांचे मित्र निजामुद्दीनला उतरताहेत, आपल्या क्वार्टरच्या पॅसेजमध्ये सॅका टेकवताहेत आणि आंघोळ-जेवण उरकून आयएनएला मेट्रो पकडताहेत. पिवळ्या लाइनने थेट कश्मीरी गेट, तिथून रात्रीची बस, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मंडळी बारा-चौदा हजार फुटांवर. डोंगरात शिरण्याआधीचं शेवटचं ओळखीचं दार आपलं असतं. त्या दारातून कोण कुठे गेलं असं विचारलं, तर आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच: “मनालीकडे कुठेतरी.”

हे “कुठेतरी” यंदा चालणार नाही.

कारण मुलं आता नेहमीच्या ट्रेकला जात नाहीत. नेहमीच्या वाटांवर जत्रा असते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून मोबाइलवर कुणाचा तरी जीपीएस ट्रॅक उतरवून घ्यायचा आणि मळलेली वाट सोडून एका तालावरून, म्हणजे डोंगरातल्या तळ्यावरून, दुसऱ्या तालाकडे, एका बुग्यालातून, म्हणजे उंचावरच्या कुरणातून, दुसऱ्यात, असं स्वतःच्या हिमतीवर जायचं. ओढ मला कळते. झाडांची रेषा संपते, गवताचा उतार उघडतो, माथ्यावर बर्फ आणि मधल्या खळग्यात हिरवंनिळं पाणी. ज्याने ते एकदा पाहिलं त्याला सिंहगडावर परत पाठवणं अवघड. पण तो ट्रॅक कुणीतरी सप्टेंबरात, कोरड्या दगडांवरून चालून नोंदवलेला असतो. मे-जूनमध्ये त्याच रेषेवर कमरेइतकं बर्फ असू शकतं आणि बर्फाखाली ओढा वाहत असू शकतो. मोबाइल यातलं काही सांगत नाही. शिवाय थंडीत त्याची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते.

ऑक्टोबर २०२१ आठवा. हिमाचलातल्या रोहडूहून किन्नौरमधल्या बुरुआ गावाकडे १३ जणांचा गट निघाला होता. बहुतेक मुंबईकडचे. वाटेतल्या खिंडीच्या परिसरात बर्फाने गाठलं. तिघे गेले, तिघेही महाराष्ट्रातले. बाकीच्या दहांना वाचवण्यात यश आलं. त्याच सुमारास हर्षिलहून लमखागा खिंडीमार्गे छितकुलकडे निघालेल्या गटातली आणि बागेश्वरच्या सुंदरढुंगा भागातली माणसंही दगावली. आपल्याकडे दिवाळीची खरेदी चालू होती.

आणि गाइड सोबत असला की झालं, असंही नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालाला २२ जण गेले होते, बहुतेक कर्नाटकातले, सोबत स्थानिक वाटाडे. परतताना हवामान फिरलं आणि ९ जण थंडीने गेले. हवाई दलाची हेलिकॉप्टर आली, पण हेलिकॉप्टर यायला आधी कुणीतरी खाली खबर पोचवावी लागते, जागा सांगावी लागते आणि आभाळ उघडावं लागतं.

इथे आपला सह्याद्रीचा अभिमान आड येतो. “आम्ही हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलीय,” असं पोरं सांगतात. केली असेल, पायही तयार असतील. पण कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक मनालीच्या बाजारापेक्षा खाली आहे. विरळ हवेचा मांडीतल्या ताकदीशी काही संबंध नसतो. उलट दमदार पोरं भराभर चढतात आणि तीच आधी आजारी पडतात. डॉक्टरांचा साधा नियम आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. आता दिल्लीचा हिशेब मांडा. आपण राहतो २१५-२० मीटरवर. शुक्रवारी रात्रीची बस, रविवारी चंद्रताल, तो ४,२०० मीटरच्या पुढे. या गणितात शरीराला वेळ कुठे दिलाय?

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, एवढंच असेल तर आहे त्या उंचीवर थांबा. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येईना, तर रात्र असो की पाऊस, त्या माणसाला खाली आणा. सकाळची वाट पाहू नका. सगळ्यात जास्त बडबडणारा एकदम गप्प झाला तर त्याच्याकडे लक्ष द्या. तो दमलाय एवढंच समजून त्याला तंबूत एकटा झोपवू नका.

दुसरं, ओढे. बर्फ दुपारी वितळतं. सकाळी घोट्याला लागलेलं पाणी चार वाजता मांडीला लागतं आणि त्याला ओढही असते. वाटेवर निदान पूल असतो, वाट सोडली की तोही नाही. म्हणून ओढा सकाळी ओलांडायचा. दुपारी पोचलात तर अलीकडेच मुक्काम करा, मग परतीचं तिकीट बुडालं तरी चालेल.

परदेशात अशा वाटांवर लोक उपग्रहावरून निरोप धाडणारं छोटं यंत्र सॅकला अडकवून फिरतात. आपल्याकडे सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही; माहिती नसलेले परदेशी पाहुणे त्यापायी विमानतळावर अडकले आहेत. न्यू जर्सीच्या काकांनी प्रेमाने पाठवलेलं असलं तरी ते घरीच ठेवा. सह्याद्रीत कुणी अडकलं तर लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग’सारख्या संस्थांची पोरं रात्री दोर घेऊन निघतात. वर तालांच्या प्रदेशात जवळचं गाव दोन-दोन दिवसांच्या चालीवर. म्हणजे आपल्या हाती उरतो तो एक कागद, कोण कुठे गेलंय ते लिहिलेला, आणि तो घरात ज्याच्याकडे आहे तो माणूस.

तर कागदावर हे हवं. सगळ्यांची नावं, वयं, रक्तगट, चालू औषधं. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा आणि वाटाड्याचा फोन. कोणत्या रात्री कुठे मुक्काम, आणि खिंड बंद असली तर कुठून उतरणार. तंबूचा रंग, वरून शोधताना तो उपयोगी पडतो. त्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर आधीच शोधून लिहा, कारण दिल्लीतून ११२ फिरवलात तर दिल्लीचाच कक्ष उचलेल. आणि सगळ्यात खाली, ठळक: “अमुक तारखेला संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा.” हे वाक्य मुलांनी स्वतःच्या हाताने लिहायचं. नाहीतर मावशी “अजून एक दिवस बघू, उगाच गवगवा नको” म्हणत बसते, आणि तो एक दिवसच महागात पडतो.

ज्यांना वाट सोडायचीच आहे त्यांनी गावातला माणूस सोबत घ्यावा. मेंढपाळांना विचारलं तर कुठला उतार सरकतो ते फुकट कळतं. आणि बुग्यालावर दया करा. तिथलं गवत वर्षातले जेमतेम चार-पाच महिने वाढतं. तंबूभोवती खणलेली चर पुढच्या पावसात ओघळ होते. अली-बेदनी-बागजी बुग्याल वाचवण्यासाठी गावकरी कोर्टात गेले, तेव्हा २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद करण्याचा आदेश दिला. चंद्रतालाच्या काठावरही तंबू ठोकू देत नाहीत. “आम्ही आडवाटेने गेलो, कुणी पाहिलं नाही,” ही बढाई आपल्या पंगतीत तरी कुणी मारू नये.

कोरे कागद छापून ठेवलेत. शुक्रवारी संध्याकाळी पाचपासून मी कॉलनीच्या बागेत बसणार आहे, बसच्या वेळेआधी मुलांना घेऊन या. भरलेल्या कागदाची एक प्रत तुमच्या फ्रिजवर, एक गावाकडे आई-वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. आणि ज्यांची मुलं काल-परवाच निघाली आहेत त्यांनी शुक्रवारची वाट पाहू नये. मनालीला, उत्तरकाशीला फोन लागतो, त्याच्या पुढे भरवसा नाही. हे वाचून झालं की लगेच फोन करा आणि विचारून लिहून घ्या.