अर्धी किंमत



मागच्या रविवारी इंदापूरला लेकीकडे गेले होते. सूर्यास्ताआधी जेवणे उरकून बाहेर बसलो, तेव्हा नातीचा विषय निघाला. ती नववीत आहे. मैत्रिणीबरोबर बॅडमिंटनची दुहेरी खेळते, दोघी तालुक्यात पहिल्या आल्या. जावई म्हणाले, "आई, तुम्हीच सांगा हिला. एकेरी खेळ म्हणावं. दुहेरीत नाव निम्मं निम्मं वाटलं जातं." नात माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तेव्हा गप्प बसले. आज बोलते.

ज्वाला गुट्टाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिचा जन्म आपल्या वर्ध्याचा, १९८३ चा. आई चीनची. गांधीजींच्या लेखनाचा चिनी अनुवाद करणाऱ्या आजोबांबरोबर त्या सेवाग्रामला आल्या होत्या. वडील तेलुगू, त्यामुळे ज्वाला वाढली हैदराबादला. आरिफ सरांकडे शिकली आणि दुहेरीतच रमली. राष्ट्रीय विजेतेपदे १४. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अश्विनी पोनप्पाबरोबर सुवर्ण. २०११ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत दोघींनी कांस्य मिळवले. १९८३ मध्ये प्रकाश पदुकोण यांनी पदक आणले, त्यानंतर २८ वर्षांनी जागतिक स्पर्धेत भारताला मिळालेले हे दुसरे पदक!

आणि २०१३ मध्ये काय झाले? बॅडमिंटनची लीग सुरू झाली. लिलावाच्या तोंडावर महिला दुहेरी काढून टाकली, त्या जागी पुरुष एकेरीचा आणखी एक सामना घेतला. मग या दोघींची मूळ किंमत ५० हजार डॉलरवरून २५ हजारांवर आणली. मी बी.कॉम. झालेली बाई. माल तोच, दर्जा तोच, आणि दर निम्मा? असा व्यवहार मार्केट यार्डातला व्यापारीसुद्धा ऐकून घेणार नाही.

ज्वाला गप्प बसली नाही, उघड बोलली. पुढे त्याच लीगमधल्या एका वादावरून तिच्यावर आजन्म बंदीची शिफारस झाली, तेव्हा ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि खेळायची परवानगी मिळवून आली. तिचे बोलणे तिखट आहे, काहींना ते रुचत नाही. मलाही प्रत्येक वेळी रुचले नाही. पण मुद्दा खोटा नव्हता.

एकेरी सोपी आहे असे मी म्हणत नाही. तिथे सगळा भार एकटीवर असतो. पण दुहेरी म्हणजे अर्धी एकेरी नव्हे. हल्ला करताना एकीने जाळीजवळ आणि दुसरीने मागे राहायचे, बचाव करताना दोघींनी शेजारी शेजारी यायचे. ज्वाला डावखुरी, अश्विनी उजव्या हाताची. पुढचीने फूल नीट अडवले, तर मागचीला स्मॅश मिळतो. टाळ्या स्मॅशला पडतात.

हे लिहिताना मला आमचे बारामतीचे घर आठवते. बारा माणसांचे कुटुंब होते. मी दुकानाच्या वह्या लिहायची. पाहुण्यांपुढे सासरे म्हणायचे, "धाकटी सून हिशोबात पक्की आहे." आणि माझ्या वह्या वेळेत पुऱ्या कशा व्हायच्या? मोठ्या जाऊबाई पहाटेपासून स्वयंपाकघर सांभाळायच्या. पाणी गाळण्यापासून दिवस मावळायच्या आत बारा ताटे वाढण्यापर्यंत सगळे त्याच बघायच्या, म्हणून मला दुकानात बसता आले. त्यांचे कौतुक कोणी केले नाही. मीही केले नाही. दर वर्षी क्षमावणीला त्यांच्या पाया पडून "उत्तम क्षमा" म्हणत आले, पण कशाची क्षमा, ते मनात आणले नाही.

परवा इंदापूरहून आल्यावर त्यांच्याजवळ बसून हे सगळे बोलले. जाऊबाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मटार सोलत ऐकत होत्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी आठवलं का गं तुला?" आणि निम्मे मटार माझ्याकडे सरकवले.

जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात, हे आपल्या प्रतीकाच्या तळाशीच लिहिलेले असते. ते आपण देवळात वाचतो आणि घरी येऊन विचारतो, "पण खरं काम केलं कोणी?"

जावयांना काल फोन केला. म्हटले, "तिला तिच्या आवडीनं खेळू द्या. आणि बक्षिसाचा फोटो लावाल तेव्हा त्या दुसऱ्या मुलीला कापू नका." ते "बघतो आई" म्हणाले. बघतील अशी आशा आहे.

तुमच्या घरात जाळीजवळ कोण उभे असते, ते आज जेवताना एकदा बघा. आणि तिला तसे सांगा. माझ्यासारखी चाळीस वर्षे लावू नका.