विश्लेषण : वॉकी-टॉकी विकताना फ्रिक्वेन्सी सांगण्याची सक्ती का?

गणेशोत्सवातले स्वयंसेवक, सोसायटीचे सुरक्षारक्षक, सह्याद्रीत भटकणारे ट्रेकर असे अनेक जण ऑनलाइन वॉकी-टॉकी मागवतात. मात्र अशा विक्रीत नियम पाळले नाहीत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२६ मध्ये आठ विक्री मंच आणि विक्रेत्यांना मिळून ४४ लाख रुपयांचा दंड केला. त्यापैकी मेटा, मीशो, फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉन यांना प्रत्येकी १० लाखांचा दंड आहे.

परवाना कोणत्या सेटला लागत नाही?

२०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालणाऱ्या कमी शक्तीच्या वॉकी-टॉकीला परवाना लागत नाही. पट्टा अगदी अरुंद, जेमतेम ०.२ मेगाहर्ट्झचा. पण सवलत मिळवण्यासाठी एवढे पुरेसे नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण प्रकार मंजुरी, म्हणजे ‘ईटीए’, असावी लागते. पट्टा बरोबर असला आणि ईटीए नसली, तर सवलत लागू होत नाही.

मग गोंधळ कुठे होतो?

बाजारातल्या अनेक स्वस्त सेटवर ‘४००-४७० मेगाहर्ट्झ’ असे छापलेले असते. ४४६ हा आकडा त्यात बसतो, त्यामुळे ग्राहकाला सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात तो सेट मोकळ्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर बोलू शकतो, आणि तिथे परवानाधारक यंत्रणांचे संदेश चालू असतात. हॅम रेडिओचा परवाना असलेल्याला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झमध्ये बोलता येते. परीक्षा न दिलेल्या शेजाऱ्याने तोच सेट त्याच फ्रिक्वेन्सीवर वापरला तर तो गुन्हा ठरतो. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानुसार तर विनापरवाना सेट नुसता जवळ बाळगणेही बेकायदा होते. म्हणजे विक्रेत्याने माहिती दडवली तरी अडचणीत येतो तो विकत घेणारा.

विक्रेत्यांवर नेमके बंधन काय?

प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये १३ मंचांना नोटिसा पाठवल्या आणि त्याच महिन्यात मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यानुसार विक्रीच्या पानावर फ्रिक्वेन्सी पट्टा आणि ईटीएचा तपशील स्पष्ट द्यावा लागतो. परवाना लागणाऱ्या सेटसाठी ‘परवान्याची गरज नाही’ असा दावा करता येत नाही. मंजुरी खरी आहे का, हे मंचानेही तपासायचे. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ ही सबब चालत नाही. तपासणीत १६,९७० हून अधिक नोंदी नियमबाह्य आढळल्या होत्या. काही पानांवर फ्रिक्वेन्सीचा उल्लेखही नव्हता. त्यापुढे १० लाखांचा दंड बड्या कंपन्यांना किती बोचेल, हा प्रश्न उरतोच.

युरोपात काय पद्धत आहे?

तिथे माहिती थेट खोक्यावर असते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशानुसार एखाद्या देशात वापरावर निर्बंध असेल किंवा परवाना लागत असेल, तर तसे वेष्टनावरच दाखवावे लागते. ते कसे दाखवायचे हे २०१७ च्या नियमाने ठरवून दिले: एक ठरावीक चिन्ह आणि देशांची संक्षिप्त नावे, किंवा निर्बंध असल्याचे छापील वाक्य व त्यापुढे ती नावे. निर्बंधाचा तपशील माहितीपुस्तिकेत. भारतातली नवी तत्त्वे मात्र ऑनलाइन विक्रीपुरती आहेत. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात सेट हातात घेणाऱ्याला असे पान दिसत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

पानावर पट्टा ४४६.० ते ४४६.२ एवढाच लिहिलेला आहे का, हे आधी पाहावे. ईटीए प्रमाणपत्र मागून त्यावरचा मॉडेल क्रमांक सेटवरच्या क्रमांकाशी जुळवावा. एका मॉडेलची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही. ‘लायसन्स फ्री’ हे शब्द ठळक आणि फ्रिक्वेन्सी गायब असेल, तर तो सेट घेऊ नये. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.