नुसते ‘स्पंज’ म्हणून भागणार नाही

आपल्या जीवशास्त्र प्रयोगशाळेतल्या एका बरणीवर एकच शब्द आहे : ‘स्पंज’. कुठल्या समुद्रातला, कोणी व कधी आणला, जाती कोणती, काही नाही. परवा एका कॅडेटने विचारले, “सर, एनडीएच्या परीक्षेत स्पंजाच्या जाती कोण विचारणार? मग नाव कळून करायचे काय?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून हे उत्तर.

उष्ण समुद्रातला स्पंज डोळ्यांना सहज फसवतो. एकच जाती जोरदार प्रवाहात एका आकाराची, तर शांत पाण्यात दुसऱ्याच आकाराची वाढते. उलट वेगळ्या जाती सारख्या दिसतात. म्हणून अभ्यासक छोटा तुकडा कापून नायट्रिक आम्लात किंवा ब्लीचमध्ये ठेवतात. मांसल भाग विरघळतो आणि सिलिकाच्या कंटिका उरतात. त्यांचा आकार, लांबी आणि शरीरातली मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते. आता डीएनएही पाहतात. जिवंतपणीचा रंग, ठिकाण आणि खोली तिथल्या तिथे लिहावी लागते, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडतो.

एवढा खटाटोप कशाला? रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन यांना फ्लोरिडाच्या उथळ पाण्यातल्या एका स्पंजात अनोखी संयुगे सापडली. द लाउबेनफेल्स यांनी 1949 साली त्या स्पंजाला नवी जाती म्हणून नाव दिले. आज ती ‘टेक्टिटेथिया क्रिप्टा’ म्हणून ओळखली जाते. त्या संयुगांच्या धाग्यावरून सायटाराबिन हे औषध तयार झाले. 1969 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. चिठ्ठीवर नुसते ‘स्पंज’ लिहिले असते, तर तोच स्पंज पुन्हा कोणी कुठे शोधला असता?

कॅडेटांनो, विमान आपले की परके, हे तुम्ही ‘साधारण तसेच दिसते’ एवढ्यावर ठरवाल का? प्रयोगशाळेतही तीच शिस्त हवी. पालकांनाही विनंती : सुट्टीत किनाऱ्यावर गेलात, तर जिवंत स्पंज उपटू नका. मुलांना छायाचित्र घेऊ द्या आणि ठिकाण व तारीख लिहायला लावा.

त्या बरणीची माहिती आता मिळणार नाही. ती चूक आम्हा शिक्षकांची. पुढच्या बरणीवरची चिठ्ठी मात्र पूर्ण असेल, आणि ती तुम्ही लिहाल.