औषधापुरती रसिकता

बंगळुरात बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्याच्या घरी संध्याकाळी गेले असता एक प्रसंग आम्हांस हमखास पाहावयास मिळतो. चहा होतो, बढत्या-बदल्यांच्या वार्ता होतात आणि मग यजमान आवाज किंचित उतरवून म्हणतात, "थोडी घेणार का? डॉक्टरांनीच सांगितलंय, हृदयाला बरी असते." कपाटातील जुन्या कागदपत्रांमागून बाटली निघते. ती बहुधा परदेशाहून परतताना विमानतळावर घेतलेली असते. तिची चव कशी आहे हे यजमान कधीच सांगत नाहीत. किंमत मात्र सांगतात.

मद्य घ्यावे की घेऊ नये, हा आमचा आजचा प्रश्नच नव्हे. न घेणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. घेणाऱ्याने मात्र ते औषध म्हणून घेतो असे सांगू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही खोड जुनी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्य पिण्यास परवाना लागू लागला, आणि तो मिळावयाचा तो आरोग्यरक्षणाच्या कारणावर. सुखवस्तू, सुदृढ माणसे रातोरात रुग्णाईत झाली. महाराष्ट्रात तो कायदा आणि तो परवाना आजही आहेत. कर्नाटकात घरी बसून पेला भरण्यास असल्या कागदाची गरज नाही. तरी आमचा अधिकारी तो कागद मनात घडी घालून येथवर घेऊन आलाच! बरे, वैद्यकाचा आधार तरी उरला आहे काय? मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्येच सांगून टाकले.

१९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा दाखला आपल्यात उठल्यासुटल्या दिला जातो. दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. वकिलीच्या सनदेवर गदा आल्यामुळे तळमळणाऱ्या सुधाकरापुढे तळीराम पहिला प्याला धरतो, तो रुचीखातर नव्हे, मनस्तापावरचा उतारा म्हणून. सुधाकराचा घात झाला तोच मुळी औषधाच्या नावाने.

रुचीचे म्हणाल, तर तिची सोय या शहराएवढी फार थोड्या ठिकाणी असेल. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी येथे 'अमृत'चा कारखाना काढला. २००४ साली त्यांचे चिरंजीव नीळकंठराव यांनी आपली सिंगल माल्ट व्हिस्की विकावयास नेली ती थेट ग्लासगोस, म्हणजे स्कॉच पिणाऱ्यांच्या माजघरात! स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातील मद्य वर्षाला सुमारे दोन टक्के उडून जाते. बंगळुरात दहा-बारा टक्के. तिकडे या तुटीला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आमचे देवदूत अंमळ जास्तच तहानलेले, पण त्याच उबेने मद्य येथे लवकर पिकते, चार-पाच वर्षांतच लाकडाचा गंध आणि रंग घेते. तिकडे नंदीच्या डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षांची वाइन होते. नाशिकची तर घरचीच. यातले काय जिभेला रुचते, काय रुचत नाही, यावर एखाद्या मराठी बैठकीत दहा मिनिटे बोलणे झाल्याचे आम्हांस आठवत नाही. आंब्याच्या पेटीवर मात्र तासभर वाद चालतो. औषधाला चव विचारावयाची नसते ना!

आणि हे ढोंग निरुपद्रवी असते तर आम्ही लेखणी उचललीही नसती. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात अर्क, म्हणजे कष्टकऱ्यांची स्वस्त दारू, बंद झाली. तिने उद्ध्वस्त केलेले संसार आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या बंदीची तारीफ करणारे जे आवाज आम्ही दिवाणखान्यांतून ऐकले, त्यांच्या हाती पेले होते. दिवसभर विटा वाहणाऱ्याचा शीण म्हणजे व्यसन, आणि दिवसभर सह्या करणाऱ्याचा शीण म्हणजे दुखणे? हा निवाडा कोणत्या नियमावलीत बसतो, हे नियमांच्या जाणकारांनीच आम्हांस सांगावे.

तेव्हा पुढच्या खेपेस यजमानांनी बाटली उघड्या मेजावर ठेवावी, आवडते म्हणून घेतो असे घरच्यांदेखत म्हणावे, आणि ज्याला नको त्याच्यापुढे आग्रह न करता कोकमाचे सरबत ठेवावे. रात्री पाहुण्यांना पोहोचवावयाचे म्हणून खाली गाडीत ताटकळत बसलेल्या चालकाच्या व्यसनाचा विषय त्या बैठकीत निघू नये, अशीही आमची विनंती आहे.