आधी दोन गिऱ्हाइकं, मग दवंडी

काही महिन्यांपूर्वी एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाला गेलो होतो. पूजा झाली, प्रसाद झाला, जेवणं उरकली आणि यजमानांच्या चिरंजीवांनी दिवाणखान्यातल्या टीव्हीला आपला लॅपटॉप जोडला. मुलगा इथेच वाढलेला, हुशार आणि कष्टाळू. चांगली नोकरी सोडून त्याने नुकतीच इंटरनेटवर एक बाजारपेठ उघडली आहे. ती तुमच्या-आमच्यासारख्या घरगुती गिऱ्हाइकांसाठी नाही, धंदेवाल्यांसाठी आहे. एका बाजूला कोल्हापूर, राजकोट, कोइमतूरकडच्या फाउंड्र्या आणि दुसऱ्या बाजूला इथले पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे छोटे कारखाने. फाउंड्रीने आपला माल मांडायचा, कारखान्याने मागणी नोंदवायची आणि सौदा झाला की बाजारपेठेला टक्केवारी मिळायची.

कल्पना छान आहे. त्याला ओळखीच्या दहा कुटुंबांकडून प्रत्येकी २५,००० डॉलर हवे होते. एकूण अडीच लाख. त्यातले दीड लाख कशासाठी, तर मार्केटिंगसाठी : जाहिराती, प्रदर्शनांतले स्टॉल, एक छोटी फिल्म. मी ओहायोतल्या एका पंपाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं खरेदी विभागात काढली, म्हणून सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी "विचार करून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. यजमानांची मसालेभात-जिलबी पोटात असताना स्पष्ट बोलणं मला जमत नाही. आज लिहितो, कारण अशी आमंत्रणं आपल्यापैकी अनेकांना येतात.

आधी माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सन २००० च्या मार्च महिन्यात 'बी-टू-बी' हा शब्द ज्याच्या-त्याच्या तोंडी होता. मीही मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेले १८,००० डॉलर अशाच एका कंपनीच्या शेअरमध्ये घातले. सौ. नको म्हणत होती. वर्षभरात त्याचे सातशे उरले. मुलगी शिकली, तिचं काही अडलं नाही, पण पुढे कितीतरी वर्षं दर महिन्याला ती कर्जाचा हप्ता भरत होती. त्या हप्त्यातला माझा वाटा मी विसरलेलो नाही.

त्या काळातली सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणं पाहा. केमडेक्स ही प्रयोगशाळांना रसायनं पुरवणारी इंटरनेटवरची बाजारपेठ १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली. जुलै १९९९ मध्ये शेअर बाजारात आली आणि २००० च्या सुरुवातीला तिचा शेअर दोनशे डॉलरच्या वर गेला. त्याच डिसेंबरमध्ये ही बाजारपेठ बंद करत असल्याचं जाहीर झालं. नाव सगळ्यांना माहीत होतं, मग अडलं कुठे? प्रयोगशाळांना रसायनं मिळत नव्हती असं थोडंच होतं! त्यांचे जुने पुरवठादार होतेच. जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलर-क्रायस्लर यांनी २००० मध्ये जाहीर केलेल्या कोव्हिसिंटला तर प्रसिद्धीची गरजच नव्हती. पण आपला भाव पाडायला हा बाजार मांडलाय, अशी भीती सुटे भाग बनवणाऱ्यांना वाटली. तिचा लिलावाचा धंदा २००३ च्या अखेरीस विकला गेला आणि उरलेली कंपनी २००४ मध्ये दुसऱ्यांनी घेतली.

आता उलट उदाहरण. दिनेश अगरवाल अमेरिकेतली नोकरी सोडून भारतात परतले आणि त्यांनी १९९६ मध्ये इंडियामार्ट सुरू केलं. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. निर्यातदारांकडे ई-मेल कुठला असायला? मग परदेशातून आलेली चौकशी कागदावर उतरवून त्यांना फॅक्सने कळवायची. यंत्राचं काम माणसांनी हाताने केलं, पण व्यापाऱ्याच्या टेबलावर खरी चौकशी येऊन पडली. त्याच्या दृष्टीने तीच जाहिरात. ही कंपनी २०१९ मध्ये शेअर बाजारात आली, म्हणजे तेवीस वर्षांनी.

आपल्याकडचा आठवडी बाजार आठवा. विकणारा येतो कारण घेणारा येतो आणि घेणारा येतो कारण विकणारा येतो. नव्या बाजारात दोघेही एकमेकांची वाट पाहत घरी बसलेले असतात. अशा वेळी दवंडी पिटून लोक आलेच, तर रिकामं मैदान पाहून परत जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की नव्या बाजारपेठेने जाहिरातीचा पैसा सर्वांत शेवटी खर्च करावा.

खरेदी विभागातला माणूस जाहिरात पाहून पुरवठादार बदलत नाही, हे मी शपथेवर सांगतो. नवा पुरवठादार म्हणजे आधी ड्रॉइंग पाठवा, पॅटर्न बनवून घ्या, नमुने मागवा, त्यांची मापं आणि धातूची तपासणी करा, मग छोटी ऑर्डर द्या. यात कित्येक महिने जातात. माल खराब निघाला तर कारखान्यातलं काम थांबतं आणि साहेब मला बोलावतात. दहा टक्के स्वस्त मिळतंय म्हणून कोणी आपली नोकरी पणाला लावत नाही. मला फोन करणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला मी एकच विचारत असे, "तुमच्याकडून आमच्यासारखं दुसरं कोण घेतं, आणि त्यांनी पुन्हा घेतलं का?"

त्या मुलाला मी नंतर फोन करून सांगितलं ते असं. सगळ्या प्रकारचा माल, सगळा भारत हे सोड. एकच वस्तू धर, समज पंपाचे बिडाचे भाग, आणि एकच गाव धर. कोल्हापूरला जा, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या पंधरा फाउंड्र्यांत स्वतः जाऊन बस. त्यांची माहिती, भट्टीची क्षमता, तपासणीची साधनं, सगळं तू स्वतः लिहून काढ. ते फॉर्म भरतील अशी वाट पाहू नकोस. इथल्या कारखान्याला पहिल्या नमुन्यांचं भाडं आणि त्रयस्थ तपासणीचा खर्च तू दे. तोच तुझा मार्केटिंगचा खर्च. आयात शुल्क सारखं बदलतंय, तेव्हा भाव सांगताना माल दारात पडेपर्यंतचा सांग.

दुसरी गोष्ट, ओळख करून दिल्यावर दोघं थेट फोनवर बोलायला लागले की तुझी टक्केवारी कोण देणार? लग्न जुळल्यावर मध्यस्थाला कोण विचारतं! तेव्हा तपासणी, पैशांची हमी, चार जणांचा माल एका कंटेनरमध्ये आणणं, असं काहीतरी दर वेळी लागेल ते तुझ्याकडे हवं. आणि विश्वास जप. अलीबाबासारख्या बलाढ्य बाजारपेठेलाही फेब्रुवारी २०११ मध्ये कबूल करावं लागलं, की पैसे भरून खास दर्जा मिळवलेल्या दोन हजारांहून जास्त विक्रेत्यांनी गिऱ्हाइकांना फसवलं होतं. त्यापायी त्यांच्या मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. नव्या बाजारपेठेला तर एवढा धक्का सोसणारच नाही.

आता तुमच्या-आमच्या खिशाबद्दल. अशा कंपनीत पैसे घालण्याआधी किती जणांनी नाव नोंदवलं हे विचारू नका. नाव नोंदवायला काही पडत नाही. सौदे किती पुरे झाले आणि त्यातल्या कितींनी दुसरी ऑर्डर दिली, ते विचारा. खासगी कंपनीचे शेअर मनात आलं की विकता येत नाहीत, तेव्हा बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच घाला. त्या संध्याकाळी एक गृहस्थ निवृत्तीच्या खात्यातून रक्कम काढायचं म्हणत होते. वयाची साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर आयकर तर लागतोच, शिवाय बहुतेक वेळा दहा टक्के दंडही बसतो. म्हणजे धंदा सुरू व्हायच्या आधीच तोटा. करकायद्याच्या कलम १२४४ मध्ये हे शेअर बसतात का, हेही अकाउंटंटला आधी विचारा. अटी पुऱ्या होत असतील तर बुडालेल्या रकमेपैकी वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत, पती-पत्नी एकत्र रिटर्न भरत असतील तर १,००,००० पर्यंत, नेहमीच्या उत्पन्नातून वजा करता येते. नाहीतर पगारातून वर्षाला फक्त ३,००० वजा होतात.

आणि सगळं कागदावर घ्या, मित्राचा मुलगा असला तरी. मित्राचा मुलगा असेल तर जास्तच! पूजेला बोलावून मागितलेल्या पैशाला नाही म्हणणं अवघड जातं, पण भीड भिकेची बहीण हे आपल्या आजीने उगीच सांगितलेलं नाही.

मुलगा थोडा दुखावला. म्हणाला, "काका, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, "अरे, तुझ्यावर आहे. तुझ्या दीड लाखाच्या जाहिरातीवर नाही." २५,००० मी दिले नाहीत. त्याऐवजी माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांकडे त्याला घेऊन गेलो. एकाने नकार दिला, दुसऱ्याने एका झाकणाचं ड्रॉइंग दिलं. नमुने आता बोटीवर आहेत. ते तपासणीत पास झाले आणि त्या कारखान्याने दुसरी ऑर्डर दिली, तर चेक घेऊन मी स्वतः त्याच्या घरी जाईन. पुढच्या सत्यनारायणाची वाट पाहणार नाही.